कार्यक्षम हुकूमशहाची हौस

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत हल्लीं इतक्या सहजपणें बोललें जातें कीं, आपण कांहीं मत मांडीत आहों याचीही बोलणाराला जाणीव नसते. रस्त्यांतले खड्डे, कचेऱ्यांतली दिरंगाई, विधिमंडळांतला गोंधळ, पक्षांतरें, निवडणुकींतला पैसा, यांपैकीं कोणताही विषय निघो, चहाचा पेला खालीं ठेवतां ठेवतां कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतोच कीं, "या देशाला दहा वर्षें एक चांगला हुकूमशहा पाहिजे." मंडळी माना डोलावतात, आणि घरांतलीं मुलें तें ऐकत असतात. हा नुसता त्राग्याचा उद्गार असता तर आम्ही त्याच्या वाटेस गेलों नसतों. परंतु २०१७ सालीं प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेनें ३८ देशांतील लोकांस राज्यपद्धतीविषयीं प्रश्न विचारले, तेव्हां संसदेची किंवा न्यायालयांची आडकाठी न होतां निर्णय घेणारा बलवान नेता असणें चांगलें, असें म्हणणारांचें प्रमाण भारतांत निम्म्याहून अधिक भरलें. त्राग्यानें आतां मताचें रूप घेतलें आहे. या मताच्या मुळाशीं दुष्टपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें बोलणारे बहुतेक सज्जनच असतात. त्याच्या मुळाशीं अज्ञान आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि पदवीधरांचें अज्ञान निरक्षरांच्या अज्ञानापेक्षां दुरुस्त करण्यास अवघड असतें.

अज्ञान कशाचें? राज्य चालणें आणि राज्य मानलें जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचें.

राज्यशास्त्रांत या दुसऱ्या गोष्टीस अधिमान्यता म्हणतात. शब्द जड आहे, वस्तु ओळखीची आहे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून मराठे चौथ वसूल करीतच होते. तलवार हातीं होती, आणि बादशाही फौजांना तें थांबवितां येत नव्हतें. मग १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथ-सरदेशमुखीच्या सनदा कशासाठीं घेऊन आले? बादशहा तर स्वतःच सय्यद बंधूंच्या मुठींत होता. कारण उघड आहे. सनदेवांचून घेतलेली चौथ ही लूट होती. सनदेनें घेतलेली चौथ हा हक्क झाला. देणाराच्या थैलींतून रक्कम तितकीच जावयाची, पण मागणाराकडे पाहण्याची दृष्टि बदलली. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनेंही हेंच केलें. बंगालची दिवाणी तिनें १७६५ सालीं शाहआलम बादशहाच्या फर्मानानें घेतली, आणि तिच्या रुपयांवर त्याचें नांव १८३५ पर्यंत राहिलें. तो बिचारा १८०६ मध्येंच वारला होता! या व्यवहाराला ढोंग म्हणणें सोपें आहे. पण निरुपयोगी ढोंग सत्तर वर्षें कोणी चालवीत नाहीं, आणि व्यापारी तर नाहींच नाहीं.

माक्स वेबर या जर्मन पंडितानें, लोक एखाद्याचा राज्य करण्याचा हक्क कां मानतात याचीं तीन कारणें सांगितलीं आहेत. पूर्वापार चालत आलें म्हणून. पुरुष लोकोत्तर वाटतो म्हणून. किंवा तो ठरलेल्या नियमांप्रमाणें अधिकारावर आला म्हणून. आमच्या मित्रांची पंचाईत अशी कीं, 'काम झपाट्यानें करतो म्हणून' हें कारण त्या यादींत नाहीं. लोकोत्तर पुरुषालाही आपलें लोकोत्तरत्व पुनःपुन्हां सिद्ध करावें लागतें, हें वेबरनें सांगितलें आहे खरें. परंतु तेथेंही मान्यता मिळते ती त्या पुरुषाच्या ठायीं असलेल्या श्रद्धेला, त्याच्या जमाखर्चाला नव्हे.

शिवाय नुसता विधि झाला म्हणजे अधिमान्यता आली, असेंही नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि राघोबादादांनीं साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें मिळविलीं. विधि यथासांग होता. कर्तबगारी म्हणाल तर १७५८ सालीं मराठी फौजा पंजाबांत शिरल्या त्या याच दादांच्या सेनापतित्वाखालीं. पण रामशास्त्र्यांनीं त्यांस देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे; बारभाईंनीं एकजूट केली, आणि १७७४ सालीं अवघ्या कांहीं आठवड्यांच्या सवाई माधवरावांच्या नांवें नवीं वस्त्रें आणलीं. रणांगण गाजविलेल्या पुरुषापेक्षां पाळण्यांतलें मूल राज्यास अधिक उपयोगी पडलें! कार्यक्षमतेच्या भक्तांनीं या पाळण्यासमोर क्षणभर थांबावें.

थांबणार नाहींत. ते म्हणतील, राघोबादादा कांहीं आदर्श पुरुष नव्हते. आम्हांस हवा तो हुकूमशहा निःस्वार्थी, विद्वान, सच्छील असा. फार चांगलें. असा एक पुरुष विसाव्या शतकांत खरोखरच होऊन गेला, आणि आमच्या मध्यमवर्गानें त्याचें चरित्र मन लावून वाचावें अशी आमची शिफारस आहे.

पोर्तुगालमध्यें १९१० सालीं राजा गेला आणि प्रजासत्ताक आलें. पुढच्या सोळा वर्षांत तेथें चाळिसांहून अधिक मंत्रिमंडळें झालीं व मोडलीं. तिजोरी रिकामी, पक्ष भांडखोर, लोक विटलेले. १९२६ मध्यें लष्करानें बंड करून सत्ता घेतली. पण हिशेब सेनापतींनाही जमेना. तेव्हां त्यांनीं कोइंब्रा विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकास बोलावलें. आंतोनियु सालाझार हें त्यांचें नांव. शेतकरी घराण्यांतला जन्म, आयुष्यभर अविवाहित, राहणी अत्यंत साधी, द्रव्यलोभाचा डाग नाहीं. १९२८ सालीं ते अर्थमंत्री झाले तेव्हां सर्व खात्यांच्या खर्चावर आपला अधिकार चालला पाहिजे, अशी अट त्यांनीं घातली, आणि वर्षभरांत अंदाजपत्रकांत तुटीऐवजीं शिल्लक दाखविली. १९३२ सालीं ते पंतप्रधान झाले, आणि १९६८ पर्यंत राहिले. आमच्या दिवाणखान्यांतील मंडळींनीं जो पुरुष मनांत रंगविला आहे तो हाच. दहा वर्षांची मुदत मात्र छत्तीस वर्षांपर्यंत लांबली, हें लक्षांत ठेवावें. हुकूमशहास मुदतीची आठवण कोणी द्यावयाची, याचें उत्तर सदर मंडळींकडून आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं.

त्या छत्तीस वर्षांत काय झालें? चलन स्थिर राहिलें. वर्तमानपत्रें सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून निघूं लागलीं. गुप्त पोलीस खातें वाढलें. आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेरील केप व्हर्द बेटांवर ताराफाल येथें १९३६ सालीं राजकीय कैद्यांसाठीं छावणी उघडली. १९५८ मध्यें जनरल उंबेर्तु देल्गादु यांनीं अध्यक्षपदासाठीं उभें राहून लोकांचे थवेच्या थवे जमविले. सरकारी निकालाप्रमाणें ते हरले. पण प्राध्यापकमजकुरांनीं धडा घेतला, आणि लोकांनीं अध्यक्ष थेट निवडण्याची पद्धतच बंद केली. पुढें १९६५ सालीं त्याच गुप्त पोलिसांनीं देल्गादु यांस स्पेनच्या हद्दींत ठार मारलें. सच्छील माणसानें हें कसें होऊं दिलें, असें विचारणें भाबडेपणाचें आहे. ज्याला प्रश्न विचारण्याचा कोणासही हक्क नाहीं, त्याच्या सच्छीलपणाला काम उरत नाहीं.

आणि या राज्याची चव घेण्यास मराठी माणसाला लिस्बनपर्यंत जावें लागत नव्हतें. तें सावंतवाडीच्या पलीकडे सुरू होत होतें. गोव्यांत सभेस परवानगी नव्हती. लग्नपत्रिकासुद्धां छापण्यापूर्वीं सेन्सॉरकडे न्यावी लागे, असें जुने गोवेकर सांगतात. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया मडगांवच्या सभेंत बोलावयास उभे राहिले आणि त्यांस पकडलें. १९५१ सालीं लिस्बनच्या सरकारनें वसाहत हा शब्द टाकून गोव्यास 'सागरपार प्रांत' असें नांव दिलें. शब्द बदलून हक्क येतो असें प्राध्यापकांस वाटलें असावें. प्राध्यापकांस तसें पुष्कळदां वाटतें. १९५५ च्या मे महिन्यांत ना. ग. गोरे व सेनापति बापट सत्याग्रही घेऊन हद्द ओलांडून गेले. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. शेवटीं १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सेना निघाली, तेव्हां सालाझारांनीं गव्हर्नर-जनरलास तार केली: तह नाहीं, शरणागति नाहीं, सैनिकांनीं जिंकावें किंवा मरावें. गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्वा यांनीं तार वाचली, आपलें मूठभर सैन्य पाहिलें, आणि १९ डिसेंबरला शरणागति पत्करली. ज्या सत्तेसाठीं गोव्यांतला शेतकरी उठला नाहीं, तिच्यासाठीं तिचाच अधिकारी मरावयास तयार झाला नाहीं. मायदेशीं परतल्यावर त्यांस सैन्यांतून बडतर्फ करण्यांत आलें.

१९६८ मध्यें सालाझार आजारी पडून निकामी झाले आणि त्यांच्या जागीं मार्सेलु काएतानु यांची नेमणूक झाली. ही गोष्ट त्यांस सांगण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. १९७० मध्यें मरेपर्यंत, आपणच पंतप्रधान आहों असें त्यांस वाटत राहिलें आणि भोंवतालच्या मंडळींनीं तें वाटूं दिलें. चाळीस वर्षें सर्वांना गप्प बसविणाऱ्या माणसाशीं शेवटीं कोणी खरें बोललें नाहीं, यांत आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. १९६० नंतरच्या दशकांत पोर्तुगालची सांपत्तिक वाढ चांगली वेगानें होत होती. म्हणजे राज्य कार्यक्षम नव्हतें म्हणून कोसळलें, असें म्हणण्याची सोय नाहीं. तरी २५ एप्रिल १९७४ रोजीं आफ्रिकेंतील लढायांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीं रणगाडे लिस्बनमध्यें आणले, आणि १९२६ पासून चालत आलेली राजवट सूर्यास्तापर्यंत संपली. लोक घराबाहेर पडले ते तिच्या बचावासाठीं नव्हे. सैनिकांच्या बंदुकींत फुलें खोंवण्यासाठीं पडले. त्या दिवशीं माणसें मेलीं तीं गुप्त पोलिसांनीं जमावावर केलेल्या गोळीबारानें. बरोबर एक वर्षानें झालेल्या निवडणुकींत शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं मत दिलें. या लोकांस राजकारणाची आवड नाहीं, असें तोंवर सर्वत्र सांगितलें जात असे.

कार्यक्षमता ही रोजची कमाई आहे; अधिमान्यता ही सांठवण आहे. कमाई थांबली तर घर सांठवणीवर चालतें. सेमूर लिप्सेट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९६० च्या सुमारास हाच भेद दाखवितांना १९२९ नंतरच्या महामंदीचें उदाहरण घेतलें होतें. मंदीनें जर्मनी व अमेरिका दोघांनाही धुळीस मिळविलें. १९३२ च्या आरंभीं जर्मनींत साठ लाख बेकार होते. १९३३ सालीं अमेरिकेंत दर चार कामकऱ्यांत सुमारें एक बेकार होता. अमेरिकन मतदारांनीं हूव्हर यांस घालवून रूझवेल्ट यांस आणलें, आणि ४ मार्च १९३३ रोजीं ते नियमाप्रमाणें अधिकारारूढ झाले. जर्मनींत १९३२ च्या जुलैमध्यें हिटलरच्या पक्षास २३० आणि कम्युनिस्टांस ८९ जागा मिळाल्या. ६०८ सभासदांच्या सभागृहांत हें प्रजासत्ताकच नको म्हणणारांचें बहुमत झालें. २३ मार्च १९३३ रोजीं त्या सभागृहानें आपले अधिकार हिटलरच्या हातीं दिले. दोन्ही सरकारांची कमाई बुडाली होती. जर्मन प्रजासत्ताकाजवळ सांठवण नव्हती. कां नव्हती? न्यायाधीश, प्राध्यापक, सरकारी अधिकारी, जमीनदार यांच्यापैकीं बहुतेकांनीं त्याला पहिल्या दिवसापासून आपलें मानलेंच नव्हतें. सुशिक्षितांनीं नाक मुरडण्याची किंमत देशाला केवढी पडते, याचा याहून मोठा दाखला आमच्या माहितींत नाहीं.

येथें आमचे प्रतिपक्षी एक चतुर प्रश्न करतील: मान्यता ही जर लोकांच्या मनांतली वस्तु, आणि निम्म्याहून अधिक लोक बलवान नेता मागत असले, तर तोच अधिमान्य नव्हे काय? प्रश्न चतुर आहे, पण त्यांत दोन वृत्तींची गल्लत आहे. डेव्हिड ईस्टन यानें १९६५ सालीं ती वेगळी करून दाखविली. एखाद्या सरकारचें काम पसंत असणें ही एक वृत्ति. आणि सरकारें कशीं यावींत व जावींत याविषयींचे नियम आपले वाटणें ही दुसरी. पहिली पावसाळ्यागणिक बदलते. बलवान नेता हवा म्हणणारा प्रत्येक जण पहिल्याविषयीं बोलत असतो, आणि तो नेता आपल्याच मताचा असणार हें त्यानें न सांगतां गृहीत धरलेलें असतें. शेजाऱ्याच्या मताचा बलवान नेता चालेल काय, असें विचारून पाहा.

भीतीनें दिलेल्या पाठिंब्याची मोजदाद तर कोणत्याही कामाची नसते. पूर्व जर्मनींत ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकींत सरकारी यादीस शेंकडा ९८.८५ मतें पडल्याचें जाहीर झालें. नोव्हेंबरांत बर्लिनची भिंत पडली, आणि पुढच्या मार्चमधील खऱ्या निवडणुकींत त्याच सत्ताधारी पक्षाच्या वारसास शेंकडा १६.४ मतें मिळालीं.

उलट, ही दुसरी वृत्ति घडवितां येते, हेंही जर्मनांनींच दाखविलें. आल्मंड आणि व्हर्बा यांनीं पांच देशांत केलेली पाहणी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या देशांत अभिमान वाटण्याजोगें काय आहे, असें त्यांनीं विचारलें होतें. राज्यव्यवस्थेचें नांव अमेरिकेंत शेंकडा ८५ लोकांनीं घेतलें, इंग्लंडांत ४६ जणांनीं. पश्चिम जर्मनींत अवघ्या ७ जणांनीं. जर्मनीची भरभराट त्या वेळीं जगाच्या डोळ्यांत भरत होती, पण लोकांचें मन राज्याशीं जुळलें नव्हतें. तें पुढें हळूहळू जुळलें. निवडणुका वेळेवर होत गेल्या, १९६९ सालीं सत्ता शांतपणें दुसऱ्या पक्षाकडे गेली, न्यायालयानें सरकारला अडविलें आणि सरकार अडलें. हें सारें पाहत एक पिढी मोठी झाली.

आमच्याकडे मुलें काय पाहतात? ज्या सद्गृहस्थास देशासाठीं हुकूमशहा हवा असतो, त्याच्याच गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसानें सभा न बोलावतां पाण्याची टाकी दुरुस्त करून घेतली, तर हे गृहस्थ उपनियमांचें पुस्तक घेऊन चार मजले उतरतात. टाकी उत्तम दुरुस्त झालेली असते, आणि खर्चही वाजवी असतो. तरी गृहस्थांचा मुद्दा बरोबरच असतो! चिटणिसाला विचारण्याचा आपला हक्क त्यांस कळतो. टाकीहून मोठ्या गोष्टींत तो कां कळेनासा होतो, हें कोडें आहे.

१९७५ सालच्या आणीबाणींत हेंच झालें. गाड्या वेळेवर येतात, कचेरींत कारकून जागेवर सांपडतो, म्हणून आमच्या वर्गांतील पुष्कळांनीं समाधान मानलें. कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यासाठीं उभ्या राहिल्या, ही त्या काळांतली आमची अब्रू. त्या कार्यक्षमतेचाच एक भाग म्हणून १९७६-७७ या एका वर्षांत ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. परंतु एवढी सत्ता हातीं असतांही इंदिरा गांधींस शेवटीं मतदारांकडे जावेंसें वाटलें, हें विसरतां येत नाहीं. मार्च १९७७ मध्यें जनता पक्षास २९५ आणि काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या. दक्षिणेंत काँग्रेस टिकली, हें खरें. रायबरेलीच्या मतदारांनीं मात्र खुद्द पंतप्रधानांस पाडलें. त्यांच्यापैकीं कितींनीं वेबर वाचला होता?

राज्य अधिमान्य आहे कीं नाहीं हें जिंकणाराला विचारून कळत नाहीं; हरणाराला विचारावें लागतें. १६ जानेवारी १९६७ रोजीं, सालाझारांच्या सैन्यानें गोवा सोडल्यास पांच वर्षें झालीं असतांना, गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, यावर तेथें कौल घेण्यांत आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळानें आधींच राजीनामा दिला होता. विलीनीकरणास १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मतें पडलीं. हा निकाल महाराष्ट्रांत आमच्यापैकीं अनेकांस लागला, आणि बांदोडकरांस तर किती लागला असेल याची कल्पनाच करावी. त्यांनीं तो मानला. दोन महिन्यांनीं विधानसभेची निवडणूक झाली; तींत त्यांचाच पक्ष पुन्हां निवडून आला, आणि विलीनीकरणाविरुद्ध मत दिलेल्या पावणेदोन लाख लोकांचेही मुख्यमंत्री पुन्हां बांदोडकरच झाले.